सासूची खुर्ची

पोटाच्या आणि यकृताच्या डॉक्टरांची एक शाळा दरवर्षी दोन दिवस भरे. शाळेतले विद्यार्थी कुणी चाळिशीचे, कुणी साठीचे. कुणाचे केस गेलेले, कुणाचे गुडघे. डिग्री मिळून जमाना लोटला तरी औषधं बदलतात, उपकरणं बदलतात, काल बरोबर होतं ते आज चूक ठरतं. म्हणून भल्याभल्यांना पुन्हा बाकावर बसावं लागे. काही जण खरोखर शिकायला येत. काही जण नोंदणी टिकवायला लागणारे गुण गोळा करायला येत. आणि काही जण, कुणी बोलून दाखवत नसलं तरी, घरातून दोन दिवस सुटका म्हणून येत. पहिल्या रांगेत पेनं चालत, मधल्या रांगेत फोन, आणि शेवटच्या रांगेत जेवणानंतर घोरण्याचा बारीक सूर लागे.

या शाळेचा मानाचा तास म्हणजे थेट प्रक्षेपण. वरच्या मजल्यावर थिएटरमध्ये खरा रुग्ण आणि कुणी नावाजलेला डॉक्टर. खाली हॉलमध्ये भिंतीएवढा पडदा, आणि पडद्यावर दुर्बिणीच्या टोकाला दिसणारं आतड्याचं ओलं, गुलाबी चित्र. हॉलमधून विचारलेले प्रश्न डॉक्टरच्या कानात पोचत. तो काम करता करता उत्तरं देई, मधूनच एखादा विनोद करी, आणि हॉल हसे.

त्या थिएटरात एक खुर्ची असे. रुग्णाच्या उशाशी, स्क्रीनकडे पाठ करून ठेवलेली. तिच्यावर बसणाऱ्यानं हात लावायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, वळून चित्र बघायचं नाही. रुग्णाच्या तोंडाकडे बघायचं, कान उघडे ठेवायचे, आणि वाटलं तर एकच शब्द म्हणायचा: पुरे. तो शब्द आला की काम आवरतं घ्यायचं. का, कसं, अजून थोडंच राहिलं होतं, हे सगळे वाद नंतर चहाच्या टेबलावर.

कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव 'रुग्ण-प्रतिनिधी' असं छापत. पण डॉक्टर मंडळी तिला सासूची खुर्ची म्हणत, कारण काही केलं तरी तिच्याकडून शाबासकी मिळत नसे. मिळालाच तर नकार मिळे. ती खुर्ची सुरू केली बाईंनी, म्हणजे यातल्या बहुतेकांना शिकवलेल्या ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी, आणि सुरू केल्यापासून तिच्यात बसल्या त्याही बाईच. शाळेच्या पहिल्याच वर्षी बाई थिएटरात उशिरा पोचल्या होत्या. जागा मिळाली ती एका उपकरणाच्या कपाटाआड, जिथून स्क्रीन दिसत नव्हता. सगळे चित्रात रंगले होते. बाईंना बघायला रुग्णाखेरीज दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याचे ओठ निळे पडताना फक्त त्यांना दिसले. प्राणवायूची नळी उशीखाली दबली होती. माणूस वाचला. पुढच्या वर्षी बाईंनी त्याच जागी खुर्ची मांडली.

"मला जावई एकही नाही," त्या म्हणत, "पण सुना बघा किती! आणि निम्म्या सुनांना मिशा."

चार महिन्यांपूर्वी बाई गेल्या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं. ज्या अवयवाचे नखरे त्यांनी पिढ्यान्पिढ्या शिकवले, त्यानंच दावा साधला.

मागे राहिली त्यांची मुलगी. तीही त्याच विषयातली, त्याच हॉस्पिटलातली. बाईंच्या हयातीत तिला सगळे धाकट्या बाई म्हणत, आणि त्या गेल्यावरही धाकट्या बाईच म्हणत. हात चांगला होता तिचा. दुर्बीण चालवताना तिचं मनगट असं वळे की जुन्या सिस्टर म्हणत, हिला आईच्या पोटातच शिकवलेलं दिसतं. थेट प्रक्षेपणात केस करायची तिची इच्छा जुनी होती. आईसमोर ती कधी बोलली नाही, कारण बोलली असती तर आई म्हणाली असती, "घाई कसली आहे?"

यंदा न मागता ते ताट समोर आलं. शाळेचे अध्यक्ष बाईंचे पहिले विद्यार्थी. शिकत असताना ते बाईंच्या घरी इतके जेवले होते की ती त्यांना दादा म्हणे. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"दुपारची केस तुझी," दादा म्हणाले. "सकाळी बाहेरून येणारे पाहुणे, दुपारी तू. बाईंना श्रद्धांजलीही होईल आणि हॉललाही कळेल, आपल्याकडे कोण आहे ते."

"आणि खुर्चीत कोण?"

दादांनी पेपरवेट उगाच फिरवलं. "खुर्चीचं यंदा राहू दे म्हणतो मी."

"का?"

"अगं, खुर्ची चालली कारण तिच्यात बाई होत्या. आम्ही सगळे त्यांच्या हाताखालचे. त्या पुरे म्हणाल्या की आमचा हात आपोआप मागे येई, आईनं डोळे वटारल्यासारखा. आता तिथं दुसरं कुणी बसून पुरे म्हणालं आणि पाहुण्यांनी ऐकलंच नाही, तर? सगळ्या हॉलसमोर शोभा. त्यापेक्षा मानानं निवृत्त करू या तिला. भूलतज्ज्ञ असतातच की लक्ष ठेवायला."

"भूलतज्ज्ञही स्क्रीन बघतात, दादा. तुम्हीच सांगत होता."

"मी बऱ्याच गोष्टी सांगतो."

दादांचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रश्न खरा तोच होता: तो शब्द आईचा होता की खुर्चीचा? आईचा असेल, तर तो आईबरोबर गेला, आणि मग दादा म्हणतात तेच ठीक. पण खुर्चीचा असेल तर?

"मी बसते," ती म्हणाली.

"आणि दुपारची केस?"

"दोन्ही कसं होईल? खुर्चीत बसणाऱ्यानं दिवसभर बसायचं."

"वेडी आहेस का तू? लोक या संधीसाठी माझे उंबरे झिजवतात."

"मग त्यांच्यातल्या कुणाला तरी द्या. तुमचा उंबरा तरी वाचेल."

दादा हसले, पण मान हलवत हसले. "पाहुणे बारा गावचं पाणी प्यालेले आहेत, हं. तुला ओळखतही नाहीत."

"ओळख करून द्या," ती म्हणाली.

घरी बाबांना सांगितलं. बाबा शाळेत गणित शिकवत. आता निवृत्त होऊन चहा पुन्हा पुन्हा गरम करण्यात त्यांचा दिवस जाई. त्यांनी चष्मा वर केला. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे ऐकलं होतं. मुलीचेही असतात तर." मग थोड्या वेळानं, कपाकडेच बघत: "मला आयुष्यभर पुरे पुरे म्हणाली ती. साखर पुरे, बडबड पुरे. मी काही ऐकलं नाही. तुझं कुणीतरी ऐकलं तर बरं."

शाळेच्या आदल्या दिवशी दुपारी ती रुग्णाला भेटायला वॉर्डात गेली. हीही आईचीच पद्धत. उद्या ज्याच्या वतीनं बसायचं त्याला आधी विचारायचं, की आत गेल्यावर तुमच्या वतीनं मी काय बोलू? बहुतेक माणसं गोंधळत. कुणी म्हणे, डॉक्टर, तुम्हाला कळेल ते. एक जण म्हणाला होता, माझ्या घोरण्यावर कुणी हसलं तर दटावा.

हा माणूस निवृत्त टॅक्सीवाला होता. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला, डोळ्यांत थोडी कावीळ. ताप नाही, दुखणंही आता निवलेलं. शेजारी बायको बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

"तुम्हाला उद्याचं सगळं समजावलंय ना?" तिनं विचारलं. "तोंडातून दुर्बीण घालतील, आतड्यात उतरतील, नळीचं तोंड शोधतील, खडा काढतील. आणि हे सगळं खाली हॉलमध्ये डॉक्टर बघतील. तुम्हाला नको असेल तर आताही नाही म्हणता येतं. उपचार तेच मिळतील."

"बघू दे की. एवढी गर्दी माझ्या गाडीत कधी झाली नाही."

"तिथं मी तुमच्या वतीनं बसणार आहे. काय बोलू?"

त्यानं जरा विचार केला. "एक म्हणजे, हिला बाहेर कुणीतरी सांगत राहा. तिथं टीव्ही लावतात म्हणे. हिला कापलेलं बोट बघवत नाही, आतडं कुठून बघवणार."

"सांगेन. मीच येऊन सांगेन."

"आणि दुसरं म्हणजे, मला घाई नाही." त्यानं हात उशीखाली सरकवला. "तुम्हाला असेल, तुमचा कार्यक्रम आहे. मला नाही. आयुष्यभर मागच्या सीटवरच्यांची घाई ऐकलीय मी. हळू चालवलं म्हणून कुणी मेलं नाही. शिव्या मात्र पोटभर खाल्ल्या."

"शिव्याच खा," बायको म्हणाली. "पथ्याला चालत असतील तर."

सकाळी थिएटरच्या बाहेर शिशाचे एप्रन टांगलेले होते. क्ष-किरणांपासून वाचायला ते सगळ्यांनाच घालावे लागत. शेवटच्या खिळ्यावर आईचा. त्याच्या खिशावर सिस्टरांनी कधीकाळी लाल दोऱ्यानं 'सासूबाई' असं भरलं होतं. तिनं तो घातला. वजन नेहमीच्या एप्रनाएवढंच होतं. आखूड मात्र झाला. आई बुटकी होती.

मोठ्या सिस्टर हातमोजे चढवत होत्या. बाईंच्या काळापासून या थिएटरात दुर्बिणीतून आत सोडायची तार त्याच हाताळत. त्यांनी खिशाकडे बघितलं आणि पुढे होऊन मागचा पट्टा तेवढा नीट बांधून दिला.

पाहुणे आले ते उत्साहाचा झरा घेऊन. उंच, हसरे, पांढऱ्या भुवयांचे. सगळ्यांशी हात मिळवला. खुर्चीपाशी आल्यावर थांबले.

"हीच का ती प्रसिद्ध खुर्ची? अध्यक्षांनी सांगितलं मला. ताई, तुम्ही पण हेच काम करता ना? मग पाठ करून कशा बसणार? हलवायाला दुकानाकडे पाठ करून बसवल्यासारखं आहे."

"गिऱ्हाईक इकडे आहे," तिनं रुग्णाकडे बोट दाखवलं.

"वा!" पाहुणे मोकळं हसले. "उंटावरून शेळ्या हाकणारे खूप बघितले. उंटाकडे पाठ करून बसलेल्या तुम्हीच पहिल्या."

टॅक्सीवाला झोपेच्या औषधानं गुंगला. एका कुशीवर, तोंड तिच्याकडे. बिनदातांच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक तार. ती खुर्चीत बसली. तिच्या डाव्या हाताला नाडीचे आणि प्राणवायूचे आकडे, समोर हा चेहरा, पाठीमागे ते चित्र, ज्यावर बाकी सगळ्यांचे डोळे लागले होते. स्क्रीनचा उजेड पाहुण्यांच्या कपाळावर पडत होता. चित्र बदललं की कपाळाचा रंग बदले. तेवढंच तिला दिसत होतं.

आतड्याच्या सुरुवातीला भिंतीवर डाळीच्या दाण्याएवढं एक तोंड असतं. त्या तोंडाशी दोन नळ्या येऊन मिळतात, एक पित्ताची, एक स्वादुपिंडाची. तार न्यायची पित्ताच्या नळीत. चुकून ती शेजारच्या घरात शिरते. एकदा शिरली तर फारसं बिघडत नाही. आई सांगे, "स्वादुपिंड म्हणजे रुसका जावई. एकदा धक्का लागला तर गिळून टाकील. पुन्हा पुन्हा लागला तर घर डोक्यावर घेईल." घर डोक्यावर घेणं म्हणजे सूज, असह्य वेदना, कधी कधी अतिदक्षता विभाग, आणि क्वचित त्याहून वाईट.

"तार स्वादुपिंडात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तार कुठे गेली ते मोठ्यानं म्हणायचं, हा या थिएटराचा नियम होता.

"मागे घ्या," पाहुणे म्हणाले. हात शांत, आवाज शांत. हॉलला समजावून सांगत होते, कोन कसा बदलायचा, घाई कशी करायची नाही.

"पुन्हा स्वादुपिंडात."

"हरकत नाही. होतं असं. तोंड जरा तिरकं आहे." स्पीकरवरून दादांचा आवाज आला. खाली हॉलमध्ये ते सूत्रसंचालन करत होते. "सर, प्रश्न आलाय, अशा वेळी तुम्ही सुरी कधी काढता?" पाहुणे हसले. ती सुरी म्हणजे त्यांची ख्याती. नळीचं तोंड सापडेना झालं की केसाएवढ्या तारेनं वरून छेद घेऊन दार उघडायचं. जगात मोजक्या हातांना ते त्यांच्याइतकं सुबक जमे. निम्मा हॉल तेच बघायला आला होता.

"बघू," पाहुणे म्हणाले. "आधी आणखी एकदा."

"स्वादुपिंडात," सिस्टर म्हणाल्या. या वेळी त्यांनी 'पुन्हा' म्हटलं नाही.

टॅक्सीवाल्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. नाडी थोडी वाढली. आकड्यांत घाबरण्यासारखं काही नव्हतं. भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे बघत होते.

"सर, आपल्याकडे दहाएक मिनिटं आहेत," दादांचा आवाज. "मग दुसऱ्या थिएटरकडे जायचंय."

पाहुण्यांचे खांदे किंचित वर गेले. तिला ते दिसलं. स्क्रीनकडे तोंड करून बसली असती तर दिसलं नसतं. "ठीक," ते म्हणाले. "सुरी द्या. पाच मिनिटांत दार उघडून दाखवतो."

मागच्या सीटवरच्यांची घाई.

"पुरे," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं तितका तो शब्द मोठा निघाला नाही. पण निघाला. छताच्या मायक्रोफोननं तो हॉलपर्यंत नेला असावा, कारण स्पीकरमधली कुजबुज एकदम थांबली.

पाहुण्यांनी मान वळवली नाही. "काय झालं? आकडे उत्तम आहेत."

"आकडे उत्तम आहेत. पुरे."

"ताई, अगदी दारात आहे मी. हे असं समोर दिसतंय." आवाजात राग नव्हता, लहान मुलाला आकाशातलं विमान दाखवावं तसं आर्जव होतं. "तुम्ही याच विषयातल्या आहात. एकदा वळून बघा. बघा, आणि मग सांगा थांबू का ते. तुम्ही म्हणाल ते मान्य."

बोलणं रास्त होतं. म्हणूनच अवघड होतं. तिची मान आपोआप वळायला लागली. तिला माहीत होतं, वळलं तर काय दिसेल: तोंड समोर, कोन चांगला, हात निष्णात. चित्र बघितलं तर ती म्हणेल, करा. तिच्या जागी कुणीही तेच म्हणेल. चित्रात सगळं जवळच दिसतं.

आई जायच्या काही आठवडे आधी, घरी जेवणाच्या टेबलावर तिनं लॅपटॉप उघडून ठेवला होता. आईचा शेवटचा स्कॅन. आई तिच्या पाठीमागे बसली होती, शाल घेऊन. ती आईला दाखवत होती, गाठ इथून इथपर्यंतच आहे, रक्तवाहिनी अजून मोकळी आहे, एक नवं औषध आहे, आणखी एकदा करून बघू, फक्त एकदा. आई म्हणाली, पुरे. ती म्हणाली, अगं आई, तू बघ तर. आई म्हणाली, "मी बघितलंय. तू चित्र बघतेयस. खुर्ची फिरव."

तिनं खुर्ची फिरवली होती. चित्राकडे पाठ केली होती. आणि मग समोर आई होती, पिवळी, मनगटातून बांगडी निसटेल इतकी बारीक झालेली, आणि कमालीची थकलेली. ते तसं आधीपासूनच होतं. तिनं लॅपटॉप मिटला होता.

तिनं मान पुन्हा टॅक्सीवाल्याकडे आणली.

"मी चित्र बघायला बसलेली नाही, सर," ती म्हणाली. "यांना ताप नाही. दुखत नाही. खडा आज निघाला काय, परवा निघाला काय, सारखंच. स्वादुपिंडाला मात्र तीनदा धक्का बसलाय. घाई आपल्या कार्यक्रमाला आहे, यांना नाही. हे त्यांनीच मला सांगितलंय. पुरे."

पाहुण्यांचा हात सुरीसाठी तसाच पुढे राहिला. तिला स्पष्ट कळलं की आता या शब्दाच्या पाठीशी आई नाही. शब्द एकटाच उभा आहे, आणि उभा राहतो की पडतो ते आता ठरेल.

मोठ्या सिस्टरांनी सुरीचं पाकीट उचललं होतं. त्यांनी ते न फोडता परत ट्रेमध्ये ठेवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "बाई पुरे म्हणाल्या."

धाकट्या बाई नव्हे. नुसतं बाई.

पाहुण्यांनी सिस्टरांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग पहिल्यांदाच खाली, झोपलेल्या माणसाकडे. श्वास सोडला. हात मागे घेतला.

"तार आत्ता कुठे आहे?" तिनं विचारलं.

"स्वादुपिंडातच आहे," सिस्टर म्हणाल्या.

"सर, काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं. खुर्चीला फक्त थांबवता येतं."

पाहुण्यांच्या भुवया वर गेल्या, आणि मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, जरासं आंबट, पण खरं. "चुकीच्या घरात शिरलोच आहे, तर निदान दार उघडं ठेवून जाऊ," ते हॉलला म्हणाले. "बारीक नळी द्या. याच तारेवरून स्वादुपिंडात बसवू, म्हणजे रस तुंबणार नाही, सूज येण्याची शक्यता घटेल. आणि बाहेर येऊ. खडा परवा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. पडद्यावरचा तमाशा संपला म्हणून काही खुर्च्या करकरल्या. तेवढ्यात स्पीकरवर एक अनोळखी आवाज आला, घसा खाकरत. शेवटच्या रांगेतलं कुणी असावं. "सर, मी लहान गावातला साधा डॉक्टर. माझा प्रश्न असा की परवापर्यंत थांबायचं कुणाला आणि लगेच करायचं कुणाला, हे मी पेशंट पाठवताना कसं ओळखू?"

"उत्तम प्रश्न," पाहुणे म्हणाले. नळी बसवता बसवता त्यांनी सांगायला घेतलं. थंडी वाजून ताप, वाढती कावीळ, उतरणारा रक्तदाब, बरळणं. असा माणूस थांबू शकत नाही, त्याला मिळेल त्या मार्गानं लगेच मोकळं करायचं. बाकीच्यांकडे वेळ असतो. मग दुसरा प्रश्न आला, मग तिसरा. दादांनी दुसऱ्या थिएटरला थांबायला सांगितलं. सुरीसाठी आलेला हॉल न काढलेल्या सुरीबद्दल जेवणाच्या घंटेपर्यंत विचारत राहिला.

ती बाहेर गेली. टॅक्सीवाल्याची बायको टीव्हीकडे पाठ करून बसली होती.

"खडा निघाला नाही," तिनं सांगितलं. "त्यांना काही झालेलंही नाही. परवा पुन्हा करू."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"आजच्यापुरतं चांगलं."

बायकोनं पर्सवरची पकड सैल केली. "मग चालेल. आमचं सगळं आजच्यापुरतंच चालतं."

चहाच्या टेबलावर पाहुणे तिच्या शेजारी आले. कपात साखर ढवळत म्हणाले, "सुरीनं तार गेली असती हं नळीत. मला खात्री आहे."

"गेलीही असती," ती म्हणाली.

"मग?"

"मग मी तुम्ही चुकलात असं कुठे म्हटलं?"

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं. "बघा," पाहुणे म्हणाले, "इथंही कुणीतरी वेळेवर पुरे म्हणायला हवं होतं." आणि कप रिकामा करत, तिनं अजून न काढलेल्या एप्रनाच्या खिशावरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवत: "आमच्याकडे अशी खुर्ची नाही. मांडायची म्हटली तर बसवू कुणाला?"

"ज्याला चित्र बघायला सगळ्यात जास्त आवडतं त्याला."

टॅक्सीवाल्याच्या पोटात त्या रात्रीही दुखलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शाळा आटोपली, बॅनर उतरले, गुणांची प्रमाणपत्रं घेऊन मंडळी घरोघर गेली. आणि परवा सकाळी, कॅमेरा नाही, हॉल नाही, अशा साध्या थिएटरात ती स्वतः दुर्बीण हातात घेऊन उभी राहिली. मोठ्या सिस्टर शेजारी तार घेऊन.

"थांबा," ती म्हणाली. "खुर्ची कुठाय?"

"आज कशाला?" दारातून दादांचा आवाज आला. ते सहज डोकवायला आले होते. "आज कुठे प्रक्षेपण आहे?"

"म्हणून आज मला घाई होणार नाही असं थोडंच आहे? बरं झालं आलात. एप्रन घाला."

"अगं, मी अध्यक्ष आहे."

"मग खुर्ची तुमच्यासाठीच आहे."

सिस्टर तोंड फिरवून हसल्या. दादांनी कुरकुरत शिशाचा एप्रन चढवला आणि टॅक्सीवाल्याच्या उशाशी, स्क्रीनकडे पाठ करून बसले. बसल्या बसल्या त्यांची मान मागे वळली.

"दादा."

"नाही गं, मान आखडलीय."

"आखडू दे. त्यांच्या तोंडाकडे बघा. शब्द ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. जरा वेळानं, हळू आवाजात: "ऐकून ऐकून कान किटले होते."

तिनं दुर्बीण पुढे नेली. आतड्याचं वळण आलं, ते गुलाबी ओलं तोंड समोर आलं, आणि त्यातून डोकावणारी परवाची बारीक नळी. जणू शेजारच्या घराच्या दारावर कुणी खूण करून ठेवलेली. तिनं चित्राकडे डोळे भरून बघितलं. आज तिला ते बेधडक बघता येत होतं. माणसाकडे बघायला कुणीतरी बसलं होतं.

"तार द्या," ती म्हणाली.